भीती सुरू करता, मग बंद कोण करणार? न्यूजरूमवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
टीव्ही चॅनेल, न्यूज पोर्टल आणि यूट्यूबच्या न्यूजरूममध्ये बसून आज लोकांना काय दाखवायचं हे ठरवणारे संपादक, आउटपुटवाले, डेस्कवाले आणि थंबनेल बनवणारे सगळेच,

नमस्कार.

पहिलंच सांगून टाकते, "वाईट बातम्या दाखवू नका, चांगलं काहीतरी दाखवा" असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तसली पत्रं तुमच्याकडे ढिगानं येत असतील आणि तुम्ही ती बाजूला टाकत असाल तर बरोबरच करता. पूल पडला तर पडला म्हणून सांगायलाच हवं, साथ आली तर आली म्हणून सांगायलाच हवं, लोक घाबरतील म्हणून बातमी दाबणारा पत्रकार कुणालाच नकोय, मला तर अजिबात नकोय. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही भीती सुरू करता आणि ती बंद करायला परत येत नाही. नळ उघडा टाकून घराला कुलूप लावून गेल्यासारखं. दिवसभर लाल पट्टी, सायरनचा आवाज, एकच क्लिप पुन्हा पुन्हा, आणि तिसऱ्या दिवशी दुसरा विषय. पहिल्या विषयाचं पुढं काय झालं, धोका खरा होता का, असेल तर केवढा होता, टळला का, हे सांगायला कुणी फिरकत नाही. मग ती भीती बघणाऱ्याच्या डोक्यात तशीच राहते, वर्षानुवर्षं, आणि माणूस तिच्या हिशोबानं वागत राहतो.

ब्लू व्हेल आठवतंय का, मुलांना जीव द्यायला लावतो म्हणून गाजलेला तो ऑनलाइन गेम? 2016 च्या मे महिन्यात रशियातल्या नोवाया गॅझेटा या वृत्तपत्रात एक लेख आला, तिथल्या व्हीकॉन्टाक्टे या सोशल साइटवरच्या ग्रुपमुळे मुलं जीव देतायत असा दावा त्यात होता, आणि त्यातल्या आकड्यांवर तेव्हाच तिथल्या बाकीच्या पत्रकारांनी शंका घेतली होती. ती शंका काही आपल्यापर्यंत पोचली नाही, गोष्ट मात्र पोचली. 2017 च्या पावसाळ्यात कुठल्याही मुलाच्या मृत्यूची बातमी आली की स्क्रीनवर झळकायचं "ब्लू व्हेलचा आणखी एक बळी?" त्या प्रश्नचिन्हाचं तुम्हाला फार कौतुक, कारण ते लावलं की कशाचीच जबाबदारी राहत नाही. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं गूगल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप वगैरे कंपन्यांना या गेमच्या लिंक काढून टाका म्हणून पत्र पाठवलं. डाउनलोड करता येईल असं अ‍ॅप कधी सापडलंच नाही, त्यामुळे नक्की काय काढायचं होतं कोण जाणे. आणि मग जानेवारी 2018 मध्ये सरकारनंच लोकसभेत सांगितलं की चौकशी समितीनं जी प्रकरणं तपासली त्यातल्या एकातही या गेमचा संबंध सिद्ध झालेला नाही.

हे शेवटचं वाक्य किती जणांना माहितीये? आजूबाजूला विचारून बघा. ब्लू व्हेल म्हणजे मुलांचा जीव घेणारा गेम हे सगळ्यांना माहितीये, आणि तपासलेल्या एकाही प्रकरणात त्याचा संबंध सिद्ध झाला नाही हे ऐकलं की समोरचा माणूस तुमच्याकडेच संशयानं बघतो. ऑगस्टमध्ये जी गोष्ट दिवसभर स्क्रीनवर होती तिचं उत्तर जानेवारीत आलं तेव्हा त्याला किती मिनिटं मिळाली ते तुमच्या रनडाउनमध्ये, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांच्या यादीत, तुम्हीच शोधा.

पुढच्याच वर्षी मोमो आलं, तो मोठाल्या डोळ्यांचा बाहुलीसारखा चेहरा, जो मुलांना स्वतःला इजा करायला सांगतो अशी अफवा होती. फेब्रुवारी 2019 मध्ये ब्रिटनमध्ये त्याचा कहर झाला, शाळांनी पालकांना नोटिशी पाठवल्या, आणि मुलांसाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी या तिथल्या संस्थेनं सांगितलं की आम्हाला याबद्दल घाबरलेल्या पालकांपेक्षा पत्रकारांचेच जास्त फोन आले. कुठल्या मुलाला यातून खरोखर इजा झाल्याचा पुरावा कुणाकडे नव्हता. पण त्या आठवड्यात मुलांनी तो चेहरा पाहिला कुठं? बातम्यांमध्ये. म्हणजे मुलांना घाबरवणारं चित्र प्रत्येक घरात नेऊन पोचवायचं काम मुलांच्या काळजीपोटीच झालं, आणि याला कुणी जबाबदार नाही.

आता तुम्ही म्हणाल की ठीक आहे, लोक चार दिवस घाबरतात आणि विसरतात, त्यात एवढं काय. इथंच माझं तुमच्याशी भांडण आहे. भीती नुसती मनात बसून राहत नाही हो, ती माणसाला उठवून काहीतरी करायला लावते, आणि ते करणं बऱ्याचदा मूळ धोक्यापेक्षा महागात पडतं. अमेरिकेत 2001 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतर लोकांनी विमानप्रवास टाळला आणि गाड्या काढल्या. विमानापेक्षा रस्ता कितीतरी धोक्याचा, हे आकडे आधीपासून सगळ्यांसमोर होते. पण डोळ्यांसमोर काय होतं, तर टॉवरवर आदळणारं विमान, तेच दृश्य दिवसरात्र. गेर्ड गिगेरेन्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं नंतर हिशोब मांडला, त्या एका वर्षात रस्त्यावर नेहमीपेक्षा साधारण 1,500 माणसं जास्त मेली. या माणसांची ब्रेकिंग न्यूज कधी झाली नाही, कारण ती एकेक करून, वेगवेगळ्या हायवेवर, वेगवेगळ्या दिवशी गेली, कॅमेऱ्यासमोर नाही.

आणि नुसतं बघत बसण्याचं काय होतं तेही मोजलं गेलंय. 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरच्या आठवड्यात दिवसाला सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघणाऱ्या लोकांमधला ताण, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्या लोकांपेक्षाही जास्त निघाला. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्यांदा वाचल्यावर माझा विश्वास बसला नव्हता, पण जरा विचार केला तर पटतं. जो तिथं होता त्याच्यासाठी स्फोट झाला आणि संपला. जो टीव्हीसमोर होता त्याच्यासाठी तो संपतच नव्हता, दर दहा मिनिटांनी पुन्हा होत होता, स्लो मोशनमध्ये, वर गोल करून, बाण दाखवून. तुमच्या एडिटिंग टेबलवर जो लूप बनतो ना, त्याच्याबद्दल बोलतेय मी.

कधीकधी तर भीतीलाही गंभीर कारण लागत नाही. डिसेंबर 1973 मध्ये जॉनी कार्सननं अमेरिकेतल्या त्याच्या रात्रीच्या शोमध्ये टॉयलेट पेपरच्या टंचाईवर विनोद केला, लोकांनी दुसऱ्या दिवशी दुकानं रिकामी केली आणि नसलेली टंचाई खरोखर झाली, शेवटी त्याला टीव्हीवरच खुलासा करावा लागला. 2020 च्या मार्चमध्ये कितीतरी देशांत तेच झालं, फरक इतकाच की या वेळी रिकाम्या रॅकचे फोटो पाहून लोक धावले, आणि ते धावले म्हणून आणखी रॅक रिकामे झाले, आणि त्यांचे आणखी फोटो आले. यात प्रत्येक माणूस आपापल्या जागी शहाणपणानंच वागत होता, हे विसरू नका. सगळे साठा करतायत असं दिसत असेल तर साठा न करणारा वेडा ठरतो.

जॉर्ज गर्बनर नावाच्या प्राध्यापकांनी यावर आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं असं की टीव्हीवरची हिंसा बघून माणूस हिंसक होतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, आधी हे बघा की तो घाबरट होतो का, कारण खूप टीव्ही बघणाऱ्या लोकांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, शेजाऱ्यावरचा भरवसा कमी होतो, आणि घाबरलेल्या माणसाला कडक उपाय लगेच पटतात. त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली, हा परिणाम लहानच निघतो, आणि घाबरट माणसंच घरात बसून टीव्ही जास्त बघत असतील असंही होऊ शकतं, हे मला मान्य आहे. पण एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अमेरिकेत 1993 नंतर हिंसक गुन्हे खूप खाली आले, तरी गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत बहुतेक वर्षी निम्म्याहून जास्त लोक म्हणत आले की देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत. त्याच लोकांना तुमच्या स्वतःच्या भागात काय परिस्थिती आहे असं विचारलं की तिथं वाढलेत म्हणणारे बरेच कमी. आपला भाग माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. देश तो तुमच्या स्क्रीनवर बघतो.

एक मिनिट, उलट बाजूही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई सगळं खापर मीडियावर फोडतेय आणि प्रेक्षकांना मेंढरं समजतेय. तसं नाहीये. मीडियामुळे लोक वेडे होतात याची जी सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आहे तीच मुळात फुगवलेली आहे. 30 ऑक्टोबर 1938 ला ऑर्सन वेल्स या अमेरिकन नट-दिग्दर्शकानं रेडिओवर मंगळावरून हल्ला झाल्याचं नाटक केलं आणि अख्खी अमेरिका रस्त्यावर धावत सुटली, ही गोष्ट पत्रकारितेच्या वर्गात अजून सांगतात. त्या रात्री फोनवरून 5,000 घरांची पाहणी झाली होती, त्यात फक्त 2 टक्के लोक तो कार्यक्रम ऐकत होते. थोडे लोक घाबरले असतील, नाही असं नाही. पण देशभर घबराट वगैरे जे झालं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरांमध्ये झालं, आणि पेपरांना तेव्हा रेडिओचा राग होता कारण जाहिराती तिकडे चालल्या होत्या. म्हणजे रेडिओ लोकांना घाबरवतो अशी भीती पेपरांनी पसरवली, आणि ती बंद करायला पुढं कुणी आलं नाही, 80 पेक्षा जास्त वर्षं झाली तरी चालूच आहे! आज तुम्ही टीव्हीवाले सोशल मीडियाबद्दल जे कार्यक्रम करता ना, ते बघताना मला हेच आठवतं.

कारण तुमचं नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं, अफवा आम्ही पसरवत नाही, व्हॉट्सअ‍ॅप पसरवतं. हे अर्धंच खरं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकली. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात देशात ठिकठिकाणी हेच चालू होतं. त्रिपुरात तर अफवांवर विश्वास ठेवू नका असं लाउडस्पीकरवर सांगत फिरायला सरकारनं नेमलेल्या माणसालाच लोकांनी मारलं, याच्यापुढं काय बोलायचं. त्या दिवसांत जो व्हिडिओ खूप फिरला, मोटरसायकलवरून येऊन मूल उचलणारा, तो कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी तो मोटरसायकलवाला मूल परत आणून ठेवतो आणि पाटी दाखवतो. तो शेवट कुणीतरी कापला होता.

आता हेच बघा, खोटेपणा फक्त शेवट कापण्यात होता. बाकी सगळी दृश्यं जशीच्या तशी. आणि शेवट कापणं हे तर तुम्हीही रोज करता, फक्त तुम्ही तो चित्रितच करत नाही.

वर तुमचे ते "व्हायरल व्हिडिओचं सत्य" टाइपचे कार्यक्रम. पंधरा मिनिटं तोच व्हिडिओ, मागे घाबरवणारं म्युझिक, अँकर विचारतोय "काय आहे हे रहस्य?", मध्ये ब्रेक, परत तोच व्हिडिओ, आणि शेवटच्या वीस सेकंदांत "आमच्या पडताळणीत हा दावा खोटा निघाला". ज्यानं ब्रेकमध्ये चॅनेल बदललं त्याच्यासाठी तो खरा राहिला. ज्यानं आवाज बंद ठेवून बघितला त्याच्यासाठीही खरा राहिला. खोटं आहे हे तुम्हाला पहिल्या सेकंदाला माहिती असतं ना, मग पहिल्या सेकंदाला का नाही सांगत, आणि स्क्रीनवर पूर्ण वेळ "खोटा" असं मोठ्या अक्षरात का नाही ठेवत? उत्तर मला माहितीये, तुम्हालाही माहितीये.

टीआरपी आणि क्लिकचं गणित मी नाकारत नाही. 2023 मध्ये नेचर ह्यूमन बिहेवियर या नियतकालिकात एक अभ्यास आला, अपवर्दी या साइटच्या सुमारे 1,05,000 हेडलाइन तपासून, त्यात दिसलं की हेडलाइनमध्ये एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचा दर 2.3 टक्क्यांनी वाढतो. फेसबुकनं 2017 पासून चिडलेल्या चेहऱ्याच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, लोकांना चिडवणारी पोस्ट वर चढायची, आणि त्यांच्याच माणसांनी आत सांगितलं की अशा पोस्टमध्ये खोटी माहिती जास्त असते, शेवटी 2020 मध्ये ते वजन शून्यावर आणलं. म्हणजे सगळी यंत्रणा एकाच बाजूला कललेली आहे हे खरंच. पण 2.3 टक्के म्हणजे काही दुकान बंद पडण्याइतका आकडा नाही राव. तेवढ्यासाठी प्रत्येक पाऊस "रौद्र रूप" आणि प्रत्येक आजार "थैमान" करायचा का?

आणि बदल करता येत नाही असंही नाही. 1980 च्या दशकात व्हिएन्नामध्ये मेट्रोतल्या आत्महत्या वाढल्या होत्या आणि पेपर त्या रंगवून, सविस्तर छापत होते. 1987 मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पेपरांनी त्या पाळल्या, आणि ती प्रकरणं ठळकपणे कमी झाली. बातमी दाबली नव्हती, लिहायची पद्धत बदलली होती. पुढं तिथल्याच संशोधकांनी हेही दाखवलं की अडचणीतून माणूस कसा बाहेर आला अशी बातमी छापली तर तिचा चांगला परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रकारांसाठीच्या सूचना 2000 पासून आहेत, तुमच्या न्यूजरूममध्ये कुठंतरी पडलेल्या असतीलच. व्हॉट्सअ‍ॅपनं राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात भारतात एकदम पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, 2020 च्या एप्रिलमध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे असे मेसेज 70 टक्क्यांनी घटले. माणसं तीच होती. बटण बदललं.

तुमच्याकडे कुठलं बटण आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं ते सांगते. घाबरवणारी बातमी दिली की तिच्या पुढच्या तारखा कुणाच्या तरी नावावर लावा, आठ दिवसांनी आणि तीन महिन्यांनी त्यानं येऊन सांगायचं की त्याचं काय झालं, आणि हे सांगणं त्याच वेळेला, त्याच अँकरनं, तेवढ्याच मोठ्या आवाजात. रात्री साडेअकराच्या बुलेटिनमध्ये नाही. आकडा सांगितला की कितीपैकी किती ते सांगा, कारण "बारा जणांना लागण" हे बारा हजारांतले बारा आहेत की पंधरातले बारा यानं अख्खी बातमी बदलते. जुनं फुटेज लावता तेव्हा कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात "संग्रहित" लिहिता, ते मोबाइलवर दिसत नाही, आणि आता बहुतेक लोक मोबाइलवरच बघतात, तुमची क्लिप कापून फॉरवर्ड होते तेव्हा तो कोपरा तर आधीच उडालेला असतो. तारीख मधोमध टाका. सौंदर्य बिघडेल, बिघडू दे. आणि ते प्रश्नचिन्ह, उत्तर माहिती नसेल तर ती हेडलाइन नाही, तो तुमच्या रिपोर्टरचा उद्याचा गृहपाठ आहे.

प्रेक्षकाची जबाबदारी नाही का, असं कुणीतरी विचारेलच. आहे. फॉरवर्ड करणारं बोट आमचंच असतं, त्यावर मी वेगळं भांडण घरच्या ग्रुपवर रोज करते आणि तिथं माझं काय होतं ते इथं सांगत बसत नाही. पण ग्रुपवर कुणाला खोटं ठरवायचं असेल तर दाखवायला काहीतरी लागतं ना, तुमच्यासारख्या मोठ्या नावाची एक साधी, स्पष्ट, तारीख असलेली लिंक की हे खोटं निघालं. ती शोधायला जावं तर तुमच्या साइटवर भीतीच्या वीस बातम्या सापडतात आणि उत्तराची एकही नाही.

म्हणून सुरुवात तिथूनच करा, त्याला टीआरपीही लागत नाही की नवीन माणूसही. 2017 मधल्या तुमच्या ब्लू व्हेलच्या बातम्या सर्च केलं की अजून उघडतात, तीच प्रश्नचिन्हं, तेच फोटो. त्यांच्या सगळ्यात वर दोन ओळी घाला की जानेवारी 2018 मध्ये लोकसभेत काय सांगितलं गेलं. या पत्राला वेगळं उत्तर पाठवायची गरज नाही, त्या पानांवर येऊन मी बघेन.

आपली,
रोज रात्री नऊला टीव्ही लावणारी एक प्रेक्षक